हात धरून जोडलेला नमस्कार

(पत्र थोडं कापून देतेय, गावाचं नाव मुद्दाम काढलंय.)

ताई, नमस्कार. मी चोपडा तालुक्यातला, वय ३४, घरी केळी आणि थोडा कापूस. आमच्या झेडपी शाळेच्या व्यवस्थापन समितीचा यंदा अध्यक्ष झालोय कारण दुसरं कोणी तयारच नव्हतं. आम्ही माळकरी, आप्पा म्हणजे माझे वडील पस्तीस वर्षं वारी करतात. यंदा २६ जानेवारीला सरपंचांनी ग्रामदैवताची पालखी डायरेक्ट शाळेच्या मैदानात आणली, झेंड्याच्या खांबापाशी ठेवली, खांबाला हार घातला, नारळ फोडला, मग सगळ्या पोरांना हात जोडून आरती म्हणायला लावली आणि त्यानंतर झेंडावंदन. आमच्याकडे तडव्यांची, म्हणजे मुसलमान भिल्लांची, सात-आठ पोरं आहेत आणि एक पावरा आदिवासी मुलगा ज्याच्या घरचे चर्चला जातात. सहावीतली एक तडवी पोरगी हात खाली ठेवून गुपचूप उभी होती तर एका माणसाने पुढे होऊन तिचे दोन्ही हात धरले आणि जोडले, लोक हसले. मला बघवलं नाही. रात्री मी गावच्या ग्रुपवर संविधानाचं कलम २८ टाकलं आणि खाली लिहिलं की हे बेकायदेशीर आहे, ज्यांना वाचता येतं त्यांनी वाचावं. सकाळपर्यंत मी देशद्रोही झालो होतो. एकाने लिहिलं, आज आरतीला नाही म्हणतात उद्या राष्ट्रगीताला म्हणतील. आप्पा म्हणाले धर्म वेगळा सरकार वेगळं हे गोऱ्यांचं खूळ आहे, तू माले शिकाडी राहिना का? तेव्हापासून बोलत नाहीत, ताट घेऊन ओट्यावर जेवतात. १५ ऑगस्टला परत पालखी आणायचं ठरतंय. मी चुकलो का? आणि आता करू काय?

भाऊ, तू माझ्या धाकट्या भावापेक्षाही लहान आहेस म्हणून अरे-तुरेच करते, राग मानू नको. पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या पोरीच्या हातांपाशीच अडकले.

आधी तुझी चूक सांगते म्हणजे ती संपेल. मुद्दा बरोबर होता तुझा, पण "ज्यांना वाचता येतं त्यांनी वाचावं" हे काय लिहिलंस रे? तुझ्या गावात साठीच्या पुढचे किती जण धड शाळेत गेले असतील? आप्पा गेले होते का? मला वाटतं त्यांना आरतीपेक्षा ते वाक्य लागलंय. पस्तीस वर्षं पायी पंढरपूरला जाणारा माणूस, हरिपाठ तोंडपाठ, आणि पोरगा रात्री साडेअकराला अख्ख्या गावासमोर मोबाईलवर सांगतो की तुम्हाला वाचता येत नाही, मग तो ओट्यावर जेवणार नाही तर काय करणार! तर पहिलं काम हे की ते वाक्य मागे घे, ग्रुपवर आणि घरी दोन्हीकडे, कलम मागे घेऊ नको, फक्त वाक्य.

आता कलमाचं बघू, कारण ग्रुपवर टाकण्याआधी तू ते पूर्ण वाचलं होतंस का याची मला शंका आहे. २८ मध्ये दोन-तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. जी शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालते, म्हणजे तुमची झेडपीची, तिथे धार्मिक शिक्षण द्यायचंच नाही, हा एक भाग. आणि मान्यता असलेल्या किंवा अनुदान घेणाऱ्या शाळेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, मूल लहान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवायचं नाही, हा दुसरा. आरती हे शिक्षण की उपासना यावर वकील लोक तासभर भांडतील, भांडू दे, पण त्या पोरीचे हात जोडले गेले तेव्हा तिच्या आई-बापाला कोणी विचारलं होतं का, एवढा एकच प्रश्न पुरेसा आहे. आणि याचा अर्थ शाळेत देवाचं नावच काढायचं नाही असाही घेऊ नको. पुस्तकात तुकोबा असतात, जनाबाई असते, ते असायलाच पाहिजे, तडव्यांच्या पोरांनीही ते अभंग शिकावे आणि तुझ्या पोरांनी ईद काय असते ते शिकावं. शिकणं वेगळं आणि पूजेला उभं करणं वेगळं, मी २९ वर्षं शिकवलंय, हा फरक वर्गात पोरांना पटकन कळतो, मोठ्यांना समजवायला वेळ लागतो.

अजून एक गंमत तुझ्या डोळ्यासमोर होती पण तुझ्या लक्षात आली नाही बहुतेक. शाळेत परिपाठाला पोरं रोज संविधानाची उद्देशिका म्हणतात ना, आम्ही भारताचे लोक वगैरे? त्यात "विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य" असं स्वच्छ आहे, आणि त्याच मैदानात, त्याच पोरीला, त्याच खांबासमोर हात धरून उभं केलं.

खांबाला हार घातला असं तू एका ओळीत लिहून पुढे गेलास पण मला तिथेच माझं जुनं प्रकरण आठवलं. मी तेव्हा एका गावात मुख्याध्यापिका होते, गाव सांगत नाही. तिथेही खांबाची पूजा व्हायची, हळद-कुंकू, नारळ, आणि मी काहीच बोलायचे नाही कारण नवीन होते आणि बाईमाणूस होते. एका वर्षी कोणीतरी झेंडूचा हा एवढा जाड हार आणला आणि खांबाला वरपर्यंत गुंडाळला. पाहुण्यांनी दोरी ओढली तर झेंडा वर अर्ध्यातच अडकला, हारात दोरी गुंतली. परत ओढली, झेंडूच्या पाकळ्या खाली पडल्या पण झेंडा उलगडेना. चारशे पोरं सलामी देऊन उभी, पेटीवाले सर राष्ट्रगीताचा पहिला सूर धरून बसलेले, आणि नववीतलं एक पोरगं चप्पल काढून खांबावर चढलं. शेवटी झेंडा उलगडला, सगळे रडवेले झाले होते. नंतर मी ध्वजसंहिता नीट वाचली तर त्यात लिहिलेलंच होतं की ज्या खांबावर झेंडा आहे त्यावर फुलं, हार, चिन्ह काही लावायचं नाही. झेंड्याच्या घडीत फुलांच्या पाकळ्या ठेवून फडकवलेलं मात्र चालतं. म्हणजे ज्यांना वाटतं आपण हार घालून झेंड्याचा मान वाढवतोय ते नियमाने मान कमीच करतायत, आणि हे सांगायला कोणाच्या देवाबद्दल एक शब्द बोलावा लागत नाही. सरपंचांशी बोलताना इथून सुरुवात कर.

आता आप्पांचं "गोऱ्यांचं खूळ". शब्द गोऱ्यांचा आहे हे खरं आहे, नाकारू नको. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जेफरसन यांनी १८०२ साली एका पत्रात लिहिलं होतं की चर्च आणि सरकार यांच्यात भिंत असावी. पण ते पत्र कोणाला लिहिलं होतं ते बघ. कनेक्टिकट राज्यातल्या डॅनबरी गावच्या बाप्टिस्ट लोकांना, म्हणजे चांगल्या भाविक, चर्चला जाणाऱ्या माणसांना. त्यांच्या राज्यात दुसऱ्याच एका चर्चला सरकारी मान होता, ते १८१८ पर्यंत चाललं, आणि यांना भीती होती की आमची भक्ती सरकारच्या मेहरबानीवर राहील. म्हणजे भिंत मागणारे नास्तिक नव्हते रे, त्यांचे माळकरीच म्हण ना. हे आप्पांना असंच सांग, त्यांना बाप्टिस्ट लक्षात नाही राहिले तरी चालेल.

आणि खूळ गोऱ्यांचंच आहे असंही नाही. श्रावणात आपल्याकडे खान्देशात कानबाई देवी बसते, तुमच्या गावात पण बसत असेल. तिचा रोट, म्हणजे प्रसाद, बऱ्याच घरी भाऊबंदकीतच खातात, बाहेर देत नाहीत. शेजारच्याला राग येतो का? त्याला कोणी पकडून आणून खायला लावतं का? गावाची विहीर मात्र सगळ्यांची, तिथे कोणी म्हणत नाही आधी आमच्या कानबाईला हात जोड मग बादली टाक. शाळेचं मैदान विहिरीसारखं आहे असं समज. (विहिरीवरही एके काळी काय काय चालायचं ते मला माहीत आहे, त्यासाठीच तर महाडला जावं लागलं बाबासाहेबांना, पण तो विषय काढला तर हे सदर संपणार नाही.)

संविधान बनलं तेव्हा हा वाद झालेला आहे बरं का, आणि मजेशीर झालेला आहे. १७ ऑक्टोबर १९४९ ला एच. व्ही. कामत यांनी घटना समितीत सुचवलं की उद्देशिकेची सुरुवात "ईश्वराच्या नावाने" अशी करा. लगेच आसामचे रोहिणीकुमार चौधरी उठले की ईश्वरच का, देवी का नाही? हृदयनाथ कुंझरू म्हणाले अशी गोष्ट सगळ्यांवर लादायला नको. पूर्णिमा बॅनर्जी यांनी तर विनंती केली की देवावर मतदान घ्यायची वेळ आमच्यावर आणू नका. कामत ऐकेनात, मतदान झालं, बाजूने ४१ विरोधात ६८. आता त्या ६८ मध्ये घरी रोज पूजा करणारे किती असतील विचार कर! देव नको म्हणून नाही म्हणणारे असे कितीसे असणार त्यात. आणि धर्मनिरपेक्ष हा शब्द नंतर १९७६ च्या दुरुस्तीने आला म्हणून ग्रुपवर कोणी नाचेल तर त्याला सांग की कलम २५ ते २८ पहिल्या दिवसापासून आहेत, शब्द उशिरा आला, व्यवस्था आधीची आहे. शपथेचं पण बघ, आमदार-खासदार शपथ घेतात तेव्हा एक तर ईश्वरसाक्ष म्हणतात नाही तर गांभीर्यपूर्वक, ज्याला जे पटेल ते. सरपंचांना विचार, आमदाराला चॉइस आहे आणि सहावीतल्या पोरीला नाही, असं कसं?

यावर आप्पा किंवा दुसरं कोणी तुला अडवणार, म्हणणार मग मुख्यमंत्री आषाढीला विठ्ठलाची महापूजा करतात ते कसं चालतं? हा प्रश्न खरा आहे, उडवून लावू नको. आपल्याकडे अमेरिकेसारखी भिंत नाहीये, पंढरपूरच्या देवळाचा कारभारच सरकारने केलेल्या कायद्याने चालतो, आणि त्यात काय बरोबर काय चूक यावर शहाणी माणसं भांडत आलीत. माझं स्वतःचं मत विचारशील तर मुख्यमंत्र्यांनी रांगेत उभं राहून दर्शन घेतलेलं मला जास्त आवडेल. पण तिथे आणि तुमच्या मैदानात एक मोठा फरक आहे, महापूजेला कोणाची हजेरी लागत नाही. शाळेतलं पोर २६ जानेवारीला नाही आलं तर बाई विचारणार, आलं तर आरतीला उभं करणार. त्या पोरीने जायचं कुठे?

राष्ट्रगीताचं म्हणशील तर ग्रुपवरच्या त्या भाऊला आपल्याच सुप्रीम कोर्टाची केस सांग. केरळमध्ये १९८५ साली तीन भावंडांना शाळेतून काढलं कारण ती राष्ट्रगीताला ताठ उभी राहायची पण गायची नाहीत, त्यांच्या ख्रिस्ती पंथाची शिकवण तशी होती. कोर्टाने ११ ऑगस्ट १९८६ ला निकाल दिला, न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी लिहिलं की गायलाच पाहिजे असा कायदा नाही, आदराने उभं राहिलं म्हणजे मान राखला, पोरांना परत शाळेत घ्या. राष्ट्रीय मानचिन्हांच्या अवमानाबद्दलच्या १९७१ च्या कायद्यात गुन्हा आहे तो गाणाऱ्यांना मुद्दाम अडवण्याचा आणि चालू असताना गोंधळ घालण्याचा. अमेरिकेत पण ह्याच पंथाच्या पोरांची झेंड्याला सलाम करण्यावरून केस झाली होती, १९४० ला पोरं हरली आणि १९४३ ला, ऐन महायुद्धात, त्याच कोर्टाने स्वतःचा निकाल फिरवला. लढाई चालू असताना एका देशाला असं वाटलं की पोराला जबरदस्तीने सलाम करायला लावून काही मिळत नाही, मग आपल्या चोपड्यात कसली घाई आहे? आणि तुमच्या तडवी पोरांचं तर राष्ट्रगीताबद्दल काही म्हणणंच नाहीये, तू लिहिलंच नाहीस तसं, म्हणजे तो प्रश्न ग्रुपवाल्याने घरी बसून तयार केलेला आहे.

देशद्रोही म्हणाले त्याला उत्तर देऊ नको. एकदाही नाही. धमकी आली तर स्क्रीनशॉट काढून ठेव, बाकी म्यूट. तू सिद्ध करायला गेलास की मी पण देशभक्त आहे, तर मोजमाप त्यांच्या हातात दिलंस.

आता आप्पा, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्यांच्यासमोर कलम नको. त्यांना साने गुरुजी माहीत असतील, अमळनेर काही लांब नाही तुमच्यापासून, तिथे प्रताप हायस्कूलमध्ये मास्तर होते ते. धुळ्याच्या जेलात १९३२ साली विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचन दिलं, २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार अठरा अध्याय, आणि ते साने गुरुजींनी उतरवून घेतलं. म्हणजे देशासाठी जेलात गेलेली माणसं आणि गीता, दोन्ही एकाच बराकीत, आपल्या खान्देशात. पण तिथे सरकार इंग्रजांचं होतं आणि गीता कैद्यांची, कलेक्टरने परिपत्रक काढून कोणाला बसवलं नव्हतं. पुढे १९४७ च्या मे महिन्यात ह्याच साने गुरुजींनी पंढरपुरात दहा दिवस उपोषण केलं, विठ्ठलाचं दार हरिजनांना उघडा म्हणून. ज्याला यायचंय त्याला अडवू नका हे सांगायला ते उपाशी बसले होते. तर आप्पांना एवढंच विचार, "आप्पा, ज्याला यायचं नाही त्याचे हात दुसऱ्याने धरून जोडले तर तो नमस्कार पांडुरंगाला पोचतो का?" आणि मग गप्प बस. लगेच उत्तर मागू नको. ते म्हणतील पोचतो तरी वाद घालू नको, वारकरी माणूस आहे, रात्री पडल्या पडल्या विचार करेल.

सरपंचांचं वेगळं, तिथे गोड बोलून काम होईल असं मला वाटतं, कारण त्यांना पालखीपेक्षा गर्दी पाहिजे असणार (निवडणूक कधी आहे तुमच्याकडे?). त्यांना सांग पालखी काढा, जोरात काढा, मी पण खांदा देतो, फक्त झेंडा झाला, राष्ट्रगीत झालं, खाऊ वाटला, शाळा सुटली की मग देवळातून काढा. ज्याला यायचं तो येईल. तू स्वतः ये मात्र, टाळ घेऊन, सगळ्यांना दिसेल असा, आप्पांच्या शेजारी.

हे तोंडी ठरवू नको. तू व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहेस, तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात तुमच्या समितीत, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया असायला हव्यात, जुलैमध्ये मीटिंग घे आणि १५ ऑगस्टचा कार्यक्रम वेळेसकट लिहून ठराव कर. तडव्यांच्या घरातलं कोणी समितीत आहे का? नसेल तर त्या दिवशी बोलवून घे, पण त्यांना उभं करून बोलायला लावू नको, तो भार त्यांच्यावर टाकायचा नाही, बोलायचं तू. आणि तुमच्या मुख्याध्यापक बाईंवर चिडू नको. त्या २६ तारखेला गप्प का बसल्या ते मला चांगलं कळतं, बदली, केंद्रप्रमुख, सरपंच, सगळे डोक्यावर. ठराव हातात असला की त्यांना बोट दाखवायला कागद मिळतो, मला कोणी तसा कागद दिला असता तर मी नोकरीत दोन-चार वेळा तरी बोलले असते.

त्या पोरीच्या घरी गेलास का अजून? पत्रात नाही लिहिलंस. जा एकदा, बायकोला घेऊन जा, चहा प्या, तिच्या बापाला सांग झालं ते मला आवडलं नाही. भाषण नको. पोरगी घरात असली तर तिला विचार १५ ऑगस्टला भाषण करतेस का की नुसतं गाणं म्हणते, जे म्हणेल ते.

बाकी १४ ऑगस्टला संध्याकाळी शाळेत जाऊन झेंड्याची सरकगाठ एकदा ओढून बघ, पाकळ्या थोड्याच ठेव, आणि खांबाला कोणी हार घालून गेलंय का तेही बघून घे.